आधी खोकून दाखव

आमच्या सिस्टरकडून खोकल्याचं औषध घ्यायचं असेल, तर आधी खोकून दाखवावं लागे. डॉक्टरची चिठ्ठी खिशात असली तरी. काउंटरवर दोन्ही हात टेकून त्या समोरच्या माणसाच्या गळ्याकडे बघत आणि म्हणत, "हं, खोक." माणूस गांगरायचा. भर रस्त्यावरच्या मेडिकलमध्ये, मागे दोन-चार गिऱ्हाइकं उभी असताना, हुकमी खोकायचं म्हणजे अवघडच. सिस्टर मान तिरकी करून ऐकत आणि निकाल देत. "खरा आहे, घे." नाहीतर, "हा घशातला नाही, सिनेमातला आहे. जा घरी."

नियम सगळ्यांना सारखा. आमच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर एकदा आले आणि त्यांनाही खोकायला सांगितलं. ते भडकले. "मी जन्मभर पोरांच्या परीक्षा घेतल्या, आणि आता तुम्ही माझी घेणार?" एवढं बोलता बोलताच त्यांना अशी उबळ आली की काउंटरला धरून उभं राहावं लागलं. सिस्टरनी त्यांना स्टूल दिलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही पास. पण हे सिरपचं काम नाही, छातीचा फोटो काढा." फोटोत निमोनिया निघाला. त्यानंतर हेडमास्तर साधी शिंक आली तरी सिस्टरना ऐकवून जात.

सिस्टर मूळच्या मिलच्या दवाखान्यातल्या नर्स. इंदूरच्या मिल चालू होत्या तेव्हा आमच्या चाळीतल्या निम्म्या पोरांच्या पहिल्या सुया त्यांनीच टोचलेल्या. लग्न केलं नव्हतं. चाळीच्या टोकाच्या दोन खोल्यांत एकट्या राहत. नव्वदच्या आसपास मिलच्या फाटकाला कुलूप लागलं आणि दवाखानाही गेला. माझे वडील मिलमध्ये टाइमकीपर होते. ते त्या दिवसापासून खुर्चीत बसले ते बसलेच. सिस्टर मात्र आठवड्याभरात पांढरी साडी नेसून, मनगटावर सेकंदकाट्याचं पुरुषी घड्याळ बांधून, नाक्यावरच्या बंसीलालजींच्या मेडिकलमध्ये उभ्या राहिल्या. बंसीलालजींना वाटलं, अनुभवी बाई मिळाली, आता धंदा वाढेल. बिचारे.

कारण त्या वर्षांत सगळ्यात जास्त खपणारी वस्तू म्हणजे खोकल्याचं सिरप. आमच्याकडे खोकल्याची साथ नव्हती. त्या सिरपमध्ये अफूच्या घराण्यातलं औषध असे, आणि एक बाटली एका दमात रिकामी केली की दुपार कशी गेली ते कळत नसे. आमच्यासारख्या पोरांकडे दुपारी खूप होत्या. बाप घरी, भाऊ घरी, मिलचा भोंगा बंद. बाजारात मात्र रोज काहीतरी नवीन येत होतं, नव्या थंड पेयांच्या बाटल्या, केबलच्या तारा, एसटीडीचे पिवळे बूथ. सगळं काचेपलीकडे, आपण अलीकडे. सिरप तेवढं हाताला लागत होतं. ज्यांचं त्यानं भागेना ते पुडीकडे वळत. पुडी म्हणजे ब्राउन शुगर. आमच्यात तिला नुसतं 'पावडर' म्हणत, जणू तोंडाला लावायची आहे.

"सिस्टर, तुम्ही ग्राहक पळवून लावताय," बंसीलालजी कुरकुरत. "वरच्या चौकातला तर न विचारता देतो."

"मग वरच्या चौकात नोकरी देऊन टाका मला," सिस्टर म्हणत. "तिथे पण मी खोकायलाच लावीन."

खोकल्याशिवाय त्यांची दुसरी तपासणी होती ती डोळ्यांची. कुणाबद्दल शंका आली की त्या त्याला दुकानाच्या सावलीत आत बोलवत आणि बाहुल्या बघत. सावलीतही बाहुली टाचणीच्या टोकाएवढी असली की त्या ओठ घट्ट मिटून घेत. तिसरी तपासणी मात्र आम्हा सगळ्यांना मान खाली घालायला लावणारी होती. एखाद्या जवान पोरानं इसबगोल मागितलं, की सिस्टरचा आवाज मुद्दाम चढे. "वीस वर्षांच्या पोराला इसबगोल कशाला लागतो रे भिया? किती दिवस झाले पोट साफ होऊन?" बाजूला गल्लीतल्या दोन मुली डोकेदुखीची गोळी घ्यायला उभ्या असत. पोरगा रस्त्याच्या पार. नंतर त्यांनीच मला समजावलं की अफूच्या जातीचं काहीही घेतलं की आतडी झोपी जातात. "तोंड खोटं बोलतं," त्या म्हणाल्या, "पोट नाही बोलत."

मी स्वतः त्यांच्या तावडीत सापडलो तो बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. मित्रांमध्ये त्या दिवशी बाटली आणायची पाळी माझी होती आणि वरच्या चौकातलं दुकान बंद होतं. घरी चांगली तालीम करून मी गेलो. "सिस्टर, फार खोकला आहे."

"खोक."

मी खोकलो. "परत," त्या म्हणाल्या. मी परत खोकलो. "अजून." असं त्यांनी मला दहा-बारा वेळा खोकायला लावलं. शेवटी घसा खरवडून मला खरोखरची उबळ आली, डोळ्यांतून पाणी आलं, नाक वाहायला लागलं. त्यांनी शांतपणे पाण्याचा ग्लास पुढे केला आणि ज्येष्ठमधाचा तुकडा हातावर ठेवला. "हे चघळ. आता आला ना खरा खोकला, तो यानं जाईल." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "कधीपासून घेऊन राहिलास?"

मी ज्येष्ठमध चघळत राहिलो.

"मी पोलीस नाही," त्या म्हणाल्या. "तुझी आई पण नाही. मला सांगितलेलं माझ्यापाशीच राहतं."

मी सांगितलं. पुढचे आठ दिवस वडील खुर्चीतून नुसते हलले तरी मी दाराकडे सरकायचो. पण त्यांना कधीच काही कळलं नाही. मी सिरप सोडलं ते काही त्या दिवशी नाही. पण संध्याकाळी त्यांच्या दुकानाच्या बाकावर जाऊन बसायची सवय लागली, आणि एका वेळी दोन सवयी सांभाळायचा मला कंटाळा आला, एवढंच.

आमच्यात सगळ्यात पुढे गेला होता तो पप्पू. माझ्या शेजारच्या खोलीतला, वीव्हिंग खात्यातल्या जॉबरचा, म्हणजे मुकादमाचा मुलगा. हसरा, नकला करणारा. बंसीलालजींची चाल तर अशी करायचा की खुद्द बंसीलालजी हसत. तो सिरपवरून पुडीवर गेला आणि चार-सहा महिन्यांत त्याच्या गालांची हाडं दिसायला लागली. घरातली भांडी कमी व्हायला लागली तेव्हा आईबापांनी त्याला हातोदला मामाच्या शेतावर पाठवून दिलं. अडीच महिने मामानं त्याला नजरेआड होऊ दिलं नाही. होळीच्या आधी पप्पू परत आला तो गुबगुबीत गाल घेऊन. त्याच्या आईनं चाळीत पेढे वाटले.

सिस्टरनी पेढा घेतला, खाल्ला, आणि मला व दिलीपला दुकानात बोलावून घेतलं. दिलीप म्हणजे आमच्यातला तिसरा, जरा भित्रा. "आता त्याच्यावर नजर ठेवा," त्या म्हणाल्या. "आता तो पहिल्यापेक्षा जास्त धोक्यात आहे."

"पण सिस्टर, तो तर सुटला," दिलीप म्हणाला.

"म्हणून तर. अडीच महिन्यांत अंग सगळं विसरलं. मन नाही विसरलं. एक दिवस मनात येईल आणि तो जुन्याच मापानं घेईल. ते माप आता अंगाला झेपायचं नाही. श्वास बंद पडतो, भिया. दुसरं काही होत नाही. नुसता श्वास थांबतो."

मग त्यांनी आम्हाला दवाखान्याच्या दिवसांतली एक गोष्ट सांगितली. मिलमधल्या एका कामगाराचा मुलगा असाच अडकला होता. त्याला गावी आजोळी पाठवा, असा सल्ला सिस्टरनीच दिला होता. गाडीत बसवून द्यायला त्या स्वतः गेल्या होत्या. दोन महिन्यांनी धडधाकट होऊन आला, आणि चौथ्या दिवशी गेला. "सोबत दोन मित्र होते. पोलिसांच्या भीतीनं त्याला घरच्या ओट्यावर टाकून पळून गेले. तो घोरत होता. त्याची आई बोलली, बरं झालं, आज शांत झोपलाय माझा पोरगा. तिनं अंगावर चादर घातली." सिस्टरनी काउंटरवरची एक बाटली उचलून कपाटात ठेवली. "ते घोरणं नव्हतं. श्वास अडकत होता. परत आल्यावर काय होऊ शकतं, ते मी तिला सांगितलंच नव्हतं. मला तरी तेव्हा कुठे माहीत होतं."

इतकं सांगून त्यांनी डोळे पुसले वगैरे नाहीत. त्यांनी बंसीलालजींना बाकावर झोपायला सांगितलं. आम्हाला शिकवायला एक बेशुद्ध माणूस हवा होता आणि दुकानात तेवढेच रिकामे होते. बंसीलालजी पोट सावरत आडवे झाले. सिस्टर सांगत गेल्या: आधी नावानं हाक मारा, हलवा. जागा होत नसेल तर मुठीच्या हाडांनी छातीच्या मधोमध जोरात रगडा. त्यांनी करून दाखवलं तेव्हा बंसीलालजी ओरडले. "हे ओरडले म्हणजे जिवंत आहेत. पुढे." हनुवटी वर उचलून मान मागे करा, नाक चिमटीत धरा, तोंडाला तोंड लावून श्वास द्या, छाती वर येते का बघा. इथे बंसीलालजी ताडकन उठून बसले. "ये सब दुकान में नहीं होगा, सिस्टर." त्यांना परत आडवं करून पुढचा धडा झाला. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून ठेवा, उलटी झाली तर घशात जाऊ नये. मिठाचं पाणी, दूध, लिंबू काहीही पाजायचं नाही. गार पाण्याच्या बादल्या ओतायच्या नाहीत. नेमकी तेव्हाच एक बाई ग्राइप वॉटर घ्यायला आली, मालक आडवा आणि आम्ही दोघं त्याच्यावर वाकलेले बघून दारातूनच परत गेली. बंसीलालजी गेले अशी बातमी संध्याकाळपर्यंत पाटणीपुऱ्यापर्यंत पोचली होती.

"आणि शेवटचं," सिस्टर म्हणाल्या. "पळायचं नाही. एकानं त्याच्यापाशी थांबायचं, दुसऱ्यानं मला बोलवायचं. कुणी दिलं, कुठून आणलं, मी विचारणार नाही. पण एकटं टाकलंत, तर मी तुम्हाला आयुष्यभर ओळख दाखवणार नाही."

रंगपंचमीला इंदुरात कुणी कुणाला ओळखत नाही. त्या दिवशी दुपारी बारापर्यंत आम्ही सगळे चंदेरी-जांभळे झालो होतो. पप्पूही आमच्यात होता, नाचत होता. मग तो दिसेनासा झाला. दिलीप म्हणाला, पाणी प्यायला गेला असेल. अर्ध्या तासानं मला राहवेना. आम्ही शोधत निघालो आणि मिलच्या बंद पडलेल्या सायकल स्टँडच्या मागे तो सापडला. भिंतीला टेकलेला, मान छातीवर पडलेली. घोरत होता.

"झोपलाय," दिलीप म्हणाला. आणि म्हणताच त्याचा आवाज बदलला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. खरं सांगतो, मला पळावंसं वाटलं. पलीकडेच चौकात बंदोबस्ताचे पोलीस उभे होते. मी दिलीपला म्हणालो, "तू पळ. सिस्टरकडे." पळायचंच होतं तर निदान त्या दिशेला. मी पप्पूला आडवा केला आणि मुठीनं छाती रगडली. तो ओरडला नाही.

सिस्टरना रंगाचा भारी तिटकारा. दर रंगपंचमीला त्या दाराला कडी लावून, फटीत ओलं फडकं खुपसून दिवसभर आत बसत. इतक्या वर्षांत त्यांच्या पांढऱ्या साडीवर कुणी एक ठिपका उडवू शकलं नव्हतं. त्या दिवशी दिलीपच्या हाकेसरशी त्या तशाच बाहेर पडल्या, आणि चाळ ओलांडेपर्यंत पोरांनी त्यांच्यावर तीन बादल्या ओतल्या. माझ्यासमोर आल्या तेव्हा त्या डोक्यापासून पायापर्यंत हिरव्या होत्या. मी त्यांना आधी ओळखलंच नाही.

"ओठ निळे झालेत का?" त्यांनी वाकत विचारलं. आणि आम्हा तिघांच्याही एकदमच लक्षात आलं की ते सांगता येणार नाही. पप्पूचे ओठ जांभळे होते, गाल चंदेरी होते, नखं जांभळी होती. सगळ्या शहराचीच तशी होती. सिस्टरनी पदरानं त्याचे ओठ पुसून बघितले, रंग पक्का होता. "जाऊ दे. रंगाकडे नको बघू," त्या म्हणाल्या, "छातीकडे बघ." त्यांनी घड्याळाची काच अंगठ्यानं पुसली आणि मोजायला लागल्या. मिनिटाला चार. मग तेही अडखळायला लागले. त्यांनी त्याची हनुवटी उचलली आणि तोंड लावलं. छाती वर आली, खाली गेली. पुन्हा.

रस्ते गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीनं भरलेले. रिक्षा मिळणं शक्य नव्हतं. दिलीप कुठूनतरी रंगाचे पिंप वाहणारा हातठेला घेऊन आला. आम्ही पप्पूला त्याच्यावर घातलं आणि गर्दीतून सरकारी हॉस्पिटलकडे निघालो. दर दहा पावलांना ठेला थांबवायचा, श्वास द्यायचा, पुन्हा ढकलायचा. लोकांना वाटलं, हे मिरवणुकीतलं सोंग आहे. ते टाळ्या वाजवत होते, वरून गुलाल उधळत होते. एकानं सिस्टरना बघून शिट्टी मारली. सिस्टरनी तोंड वर केलं, त्यांचे ओठ आता पप्पूच्या रंगानं चंदेरी झाले होते, आणि त्या म्हणाल्या, "शिट्टीत जेवढी हवा घालवतोस तेवढी इथे दे." तो पोरगा पुढे आला आणि ठेला ढकलायला लागला. मग आणखी चौघं आले. सिस्टर दमल्या तेव्हा मी श्वास दिला. मी दमल्यावर दिलीपनं. ज्याला भित्रा म्हणून आम्ही आयुष्यभर चिडवलं, त्यानं सगळ्यात शेवटचा अर्धा मैल एकट्यानं निभावला.

हॉस्पिटलात डॉक्टरनं आम्हाला बघून आधी विचारलं, "तुमच्यातला पेशंट कोण?" मग झटपट इंजेक्शन दिलं. मिनिटभरात पप्पूनं डोळे उघडले, आजूबाजूला बघितलं आणि आम्हा सगळ्यांना अस्सल इंदुरी शिव्या घालायला सुरुवात केली. नशा उतरवली म्हणून तो संतापला होता. दिलीप रडायला लागला. सिस्टर भिंतीला टेकून खाली बसल्या. "देऊ दे शिव्या," त्या म्हणाल्या. "शिव्या द्यायला हवा लागते." इंजेक्शनचा असर उतरला की तो परत बुडू शकतो, म्हणून त्या संध्याकाळपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

पप्पू त्या दिवसानंतर एकदम सुधारला असं मी सांगितलं तर सिस्टर वरून कान पकडतील. तो पुढे दोनदा घसरला. दोन्ही वेळा सिस्टरच त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, आणि दोन्ही वेळा त्याच्या आईला बजावून आल्या की बरा झाला म्हणून बेफिकीर राहू नका. मग तो सवारीचा टेम्पो चालवायला लागला. शरमेनं दोन महिने त्यानं बंसीलालजींच्या दुकानावरून गाडी नेली नाही, लांबच्या गल्लीतून वळसा घालायचा. एक दिवस सिस्टर चालत टेम्पो स्टँडवर गेल्या आणि त्याच्या शेजारच्या सीटवर बसल्या. "राजवाडा," एवढंच म्हणाल्या. वाटेत रस्त्यातले खड्डे आणि आंब्याचे भाव याखेरीज दुसऱ्या कशाबद्दल बोलल्या नाहीत. राजवाड्याला त्यांचं काहीच काम नव्हतं. त्याच टेम्पोत बसून त्या परत आल्या.

पुढे बंसीलालजी थकले, दुकान विकलं. सिस्टर राजेंद्र नगरला भाच्याकडे, श्रीकांतकडे राहायला गेल्या. मी नोकरीनिमित्त पुण्यात. दिवाळीत इंदूरला आलो की भेट व्हायची. म्हातारपणानं गेल्या त्या, फार त्रास न होता. तेराव्याला मी मुद्दाम आलो. पप्पूला बरोबर घेतलं. त्याचे केस आता पिकलेत, मुलगी कॉलेजात आहे.

श्रीकांतनं जेवणाची व्यवस्था घरच्या पंधरा-वीस माणसांची केली होती. अकरा वाजता लोक यायला लागले ते थांबेनात. सगळे पुरुष, सगळे पन्नाशीच्या आसपासचे. एक शाळेतले सर, एक ठेकेदार, बेटम्याहून आलेला एक किराणा दुकानदार, इस्त्रीच्या शर्टातला एक बँक मॅनेजर. त्यातले निम्मे आमच्याच भागातले, मी लहानपणापासून ओळखत होतो. हे इथे कसे, ते मला कळेना. माझ्याकडे बघून त्यांनाही तेच कळत नव्हतं. श्रीकांतची बायको आत घाईघाईनं कणीक भिजवायला लागली. श्रीकांत मात्र गोंधळला होता. त्याची आत्या मेडिकलच्या काउंटरवर उभी राहायची, एवढंच त्याला माहीत.

"तुम्ही आत्याला कसं ओळखायचात?" तो एकेकाला विचारत होता.

सर म्हणाले, ते शेजारी राहायचे. ठेकेदार म्हणाला, त्याच्या आईचं इन्सुलिन तिथून यायचं. बँक मॅनेजर घसा साफ करून म्हणाला, "मी बीपीच्या गोळ्या घ्यायचो त्यांच्याकडून." मी म्हणालो, आम्ही चाळीतलेच. सगळे ताटाकडे बघत होते.

मग त्यानं पप्पूला विचारलं. पप्पूनं हातातला घास खाली ठेवला.

"मी पावडर घ्यायचो," तो म्हणाला. "एका रंगपंचमीला माझा श्वास थांबला होता. तुमच्या आत्यानं आपला दिला."

आतून पोळ्या लाटल्याचा आवाज तेवढा येत होता. मग पलीकडून बँक मॅनेजरनं चष्मा काढला आणि पुसता पुसता श्रीकांतला म्हणाला, "मला कसलं बीपी. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो."